परसाचं पान

वहीतली पहिली ओळ: परसाचं पान घ्या.
मी अकोटकडचा. बदली होऊन इकडे झाडीत आलो
त्याला तेव्हा जेमतेम तीन महिने.
उठलो, शाळेच्या मागे गेलो, परसात,
आणि भोपळ्याचं एक पान तोडून आणलं.

चौथीचा वर्ग हसून हसून सतरंजीवर आडवा.
चैतराम कोवे डोळे पुसत म्हणाला,
"तसं परस नाही जी गुरुजी! झाड, झाड!
लाल फुलाचं!"
तेव्हा कळलं, इथे ळ चा र होतो,
डोळ्याचा डोरा, शाळेची शारा,
आणि चांगला उभा पळस
माझ्यासारख्याच्या मागच्या अंगणात येऊन पडतो.

म्हटलं, तोंडानं नाही, कागदानं सांगा.
मला पत्रावळ येत नाही. खरंच येत नाही.
तुम्ही लिहाल तेवढंच करणार.

दुसरी ओळ: पानं गोल लावा.
लावली. पंखा चालू होता. उडाली.
काडी टोचा.
टोचली. पान उभं फाटलं.
"हलक्यानं टोचा ना जी!"
कुठे लिहिलंय हलक्यानं?
वर्गात खोडरबर एकच,
तो डोक्यांवरून उडत फिरू लागला.

पौर्णिमा नैतामच्या कागदावर तीनच ओळी.
तिसरी अशी:
मग आई तसं करते.
तसं म्हणजे?
तिनं हात हवेत धरले, बोटं हलवली,
आणि बोटांकडेच बघत राहिली.

सकाळची शाळा सुटल्यावर
आम्ही बावीस जण तिच्या ओसरीत.
सायत्राबाई बोलता बोलता एक पत्रावळ लावायची,
दुसरी लावायची,
नजर बाहेर, वाळत घातलेल्या मोहावर, बकरीवर.
पोरं ओरडली, "हळू ना वो काकी, दिसत नाही!"
ती हळू झाली
आणि चुकली.
काडी हातात तशीच धरून हसली:
"हाताले मालूम हाय जी, मले नाही.
तुमी पायता त हातबी इसरतो."

इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं
की अंगठा कधी उचलतेस.

पौर्णिमा आईच्या समोरून उठली, मागे जाऊन बसली,
तिच्या खांद्यावरून, तिच्याच बाजूनं बघत.
लिहिलं, खोडलं,
कागदाला भोक पडेस्तोवर खोडलं:

परसाचं पान घ्या (झाड. लाल फूल.)
गुळगुळीत बाजू वर.
दुसरं पान अर्धं त्याच्यावर.
काडी आत घाला, लगेच वर काढा, शिवतात तशी.
उरलेली मोडा.
मोडताना अंगठा पानावर ठेवा, नाही तर फाटते.

पहिली ओळ मी दुरुस्त केली नाही.
शेवटची दोनदा वाचली.
नाही तर.
नऊ वर्षं 'कृती लिहा' शिकवतोय,
घ्या, करा, ठेवा, एकाखाली एक,
हे दोन शब्द फळ्यावर कधी आले नव्हते.
ते फाटलेल्या पानांच्या ढिगातून आले.

दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसलो, समोर तिचा कागद.
नियम एकच: कुणी बोलायचं नाही.
एकवीस तोंडांवर एकवीस तळवे.
चैतरामच्या बोटांच्या फटीतून
श्वासाची बारीक शिट्टी येत होती.
पत्रावळ झाली.
गोल म्हणवत नाही, पण एका जागी राहिली.

मधल्या सुट्टीत तिच्यावरच खिचडी घेतली.
पातळ होती. एका फटीतून निघाली
आणि थेंब थेंब माझ्या पँटवर.
बाकीचे खिदळले.
पौर्णिमा वाकली, फट कुठे आहे ते बघितलं,
बोट ठेवलं, तिसरं पान आणि चौथं,
आणि शेजारणीकडे हात पुढे केला:
"शार्पनर दे वो."